काचेतील उजेड आणि त्याचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)



मेळाव्यात शिक्षकाने बोलावयाचे म्हणजे शिस्त, अभ्यास आणि परीक्षा यांवर बोलावे, असा प्रघात आहे. आज तो मोडण्याची परवानगी मी अध्यक्षांकडून घेतली आहे. आपल्या शाळेतून दहावी-बारावी होऊन बाहेर पडलेली बरीच मुले सध्या फायबरच्या कामावर आहेत. कोणी केबलवाल्याकडे आहे, कोणी इंटरनेटच्या जोडण्या देणाऱ्या ठेकेदाराकडे आहे, काही जण हेच काम शिकून आखातात गेले आहेत. ही मुले रोज ज्या वस्तूला हात लावतात तिच्याविषयी घरात मात्र कोणालाच काही माहीत नसते. आईला एवढेच ठाऊक, की मुलगा वायरीचे काम करतो. वस्तुतः ती वायर नव्हे. तिच्यात वीज नसल्यामुळे झटका बसत नाही, आणि झटका बसत नाही म्हणून तिला कोणी भीतही नाही. या काचेच्या तंतूतून जाणाऱ्या उजेडाचा हिशेब कसा ठेवावा आणि तो हिशेब डोळ्याने का करू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मी पदवीने कलाशाखेचा. परंतु वर्गात गणित शिकवितो, आणि या विषयाला लागणारे गणित बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे जात नाही. तेव्हा माता-भगिनींनी 'हे आपल्यासाठी नाही' असे समजून उठू नये.

प्रथम वस्तू समजून घेऊ. दूरच्या अंतरासाठी जो तंतू वापरतात त्याची काच एक मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी जाड असते. तिच्या मध्यभागी सुमारे ९ मायक्रॉन रुंदीचा गाभा असतो, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतले नऊ. उजेड जातो तो या गाभ्यातून. भोवतालची काच किंचित वेगळ्या गुणधर्माची असल्यामुळे तो बाहेर न पडता आतल्या आत वळविला जातो. काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येते हे दाखविणारा निबंध १९५४ साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक इंग्लंडमधील हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि दुसरे पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. कपानींना २०२१ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

पण चित्र चार हात नेणे वेगळे आणि संदेश चार कोस नेणे वेगळे. त्या काळची चांगली काचसुद्धा उजेड इतका खात असे, की थोड्या अंतरावर काही उरतच नसे. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडले, की दोष काचेच्या जातीचा नसून तिच्यातील अशुद्धींचा आहे. एक किलोमीटरनंतर मूळ उजेडाचा शंभरावा भाग जरी शिल्लक राहिला तरी तारेऐवजी काच वापरता येईल. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या तीन शास्त्रज्ञांनी त्याहून थोडी अधिक चांगली काच करून दाखविली. काओंना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या तंतूत एक किलोमीटरनंतर शंभरातले पंचाण्णव भाग शिल्लक राहतात. अरबी समुद्राच्या तळाशी, मुंबईच्या किनाऱ्यापासून अमिरातीतील फुजैरापर्यंत गेलेल्या केबलमधून आपल्या घरांतील किती तरी माणसांचे बोलणे रोज येते-जाते. तेथेही काही दशक किलोमीटरांच्या टप्प्याटप्प्यावर उजेड पुन्हा वाढविणारी यंत्रे बसवावी लागतातच. काच कितीही शुद्ध असली तरी वाटेत काही तरी गळतेच.

ही गळती आपल्याकडील बागाईतदारांना समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीवरून पाटाने पोफळीला पाणी सोडले, की पाट जितका लांब तितके पाणी मुरते, वळणावर फुटते, जोडावर झिरपते. शेवटच्या आळ्यात किती पोचले हे पाहावे लागते. आणि सगळे पाणी एकाच लहान रोपावर सोडले तर रोप उपटून निघते, हेही आपण पाहतो. कमी पोचणे आणि जास्त पोचणे, दोन्ही काळज्या या कामात आहेत. पहिली सगळ्यांना ठाऊक असते, दुसरी फारच थोड्यांना.

आता हिशेब. उजेडाच्या शक्तीचे माप मिलिवॅटमध्ये करतात; पण वाटेत ती निम्मी, दहावा भाग, शंभरावा भाग अशी होत जाते, म्हणून दर वेळी भागाकार करीत बसावे लागते. तो टाळण्यासाठी डेसिबल हे माप घेतले आहे. ३ डेसिबल गेले म्हणजे शक्ती निम्मी झाली; १० गेले म्हणजे दहावा भाग उरला; २० गेले म्हणजे शंभरावा. भागाकाराची वजाबाकी झाली. एक मिलिवॅट म्हणजे शून्य डीबीएम असे धरतात. दोन मिलिवॅट म्हणजे अधिक ३. मिलिवॅटचा हजारावा भाग, म्हणजे एक मायक्रोवॅट, तो उणे ३०. विद्यार्थी मित्रहो, 'उणे' पाहून घाबरू नका. उणे म्हणजे उजेड नाही असा अर्थ नव्हे. एक मिलिवॅटपेक्षा कमी आहे एवढाच.

घरी येणाऱ्या इंटरनेटच्या जोडणीचा हिशेब करून पाहू. केंद्रातील यंत्राने अधिक ३ डीबीएम उजेड सोडला. तंतू ८ किलोमीटर. दर किलोमीटरला पाव डेसिबल म्हणजे २ गेले. वाटेत एकाच तंतूतील उजेड ३२ घरांना वाटणारा स्प्लिटर आहे. नुसत्या वाटणीचे १५ होतात, प्रत्यक्षात १७ धरावेत. चार ठिकाणी कनेक्टर, प्रत्येकी अर्धा, म्हणजे आणखी २. सहा ठिकाणी तंतू वितळवून जोडलेला, प्रत्येकी ०.१, म्हणजे ०.६. एकूण खर्च २१.६. घरी पोचले उणे १८.६. दोन हजार मायक्रोवॅट निघाले होते, त्यांतले चौदा आले! तरी जोडणी उत्तम चालते, कारण घरातील डब्याला साधारणतः उणे २७ पर्यंतचा उजेड वाचता येतो. ८.४ डेसिबल हाताशी शिल्लक आहेत. त्यांतले निदान तीन राखून ठेवावेत. पुढे पावसात रस्ता खचतो, जेसीबीचा फाळ लागतो, तंतू तुटतो. मग पुन्हा जोड येतात आणि प्रत्येक जोड आपले थोडे थोडे मागून घेतो. ज्या ठेकेदाराने पहिल्याच दिवशी उणे २६.५ वर जोडणी देऊन पैसे घेतले, त्याने पहिल्या पावसाची तक्रार स्वतःच लिहून ठेवली असे समजावे.

घरच्या डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला म्हणजे केंद्राचा उजेड वाचता येण्याइतका पोचत नाही, इतकाच त्याचा अर्थ. तो डबा ठोकून किंवा बंद-चालू करून येत नाही. कपाटामागे तंतू दाबला गेला आहे काय, ते आधी पाहावे. साध्या तंतूला तीन सेंटिमीटरपेक्षा लहान वळण देऊ नये, असा दंडक आहे. घरात टाकावयाचा नवा तंतू एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही लहान वळण सोसतो. पण खिळ्याभोवती गुंडाळलेला कोणताच तंतू सोसत नाही. गंमत अशी, की वळणाचा दोष सगळ्या रंगांच्या उजेडाला सारखा जाचत नाही. या कामात १३१० आणि १५५० नॅनोमीटर लांबीच्या दोन लहरी फार वापरतात. दोन्हींवर मोजून पाहिले आणि १५५० चा तोटा अपेक्षेहून बराच जास्त निघाला, तर बहुधा कोठे तरी तंतू वळला आहे. दोन्हींचा तोटा सारखाच वाढला असेल, तर घाणेरडा कनेक्टर किंवा वाईट जोड शोधावा. दोन आकडे घेणारा कारागीर दहा मिनिटांत दोष सांगतो. आकडा न घेणारा दिवसभर भिंती उकरतो.

घाणेरडा कनेक्टर म्हटले ते शब्दशः. नऊ मायक्रॉनच्या गाभ्यावर धुळीचा एक कण बसला की वाट बंद. तोंडाने फुंकर मारून किंवा सदऱ्याला पुसून ती साफ होत नाही, उलट थुंकीचा आणि तेलाचा थर बसतो. त्यासाठी धागे न सुटणारा कागद आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. आणि ते ज्वालाग्राही असल्यामुळे जोडयंत्राच्या ठिणगीपासून दूर ठेवावे लागते. आणखी एक साधी गोष्ट. हिरव्या कनेक्टरचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते, निळ्याचे नसते. हिरव्यात निळा बसविला तर तो बसतो, पण काचेला काच भिडत नाही. 'बसला की झाले' म्हणणाऱ्यांमुळे किती घरांचे इंटरनेट मंद चालते हे मोजले तर पुष्कळ काही बाहेर येईल.

आता दुसरी काळजी, जास्त उजेडाची. आपला एक माजी विद्यार्थी एका केबल व्यावसायिकाकडे मदतनीस होता. तेथे ८० किलोमीटर अंतरासाठी बनविलेल्या दोन नव्या यंत्रांची चाचणी टेबलावरच, हातभर लांबीच्या तंतूने जोडून घेण्यात आली. चालतात की नाही एवढेच पाहावयाचे होते. एकाचा ग्राहक भाग तेथेच निकामी झाला, आणि त्या मुलाच्या पगारातून पैसे कापले गेले. तो माझ्याकडे आला तो रागाने, आणि त्याचा राग योग्य होता. कारण असे जोडू नये हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

हिशेब पुन्हा वजाबाकीचाच आहे. असे यंत्र अधिक ३ च्या आसपास उजेड सोडते. त्याचा ग्राहक भाग उणे २३ पर्यंतचा मंद उजेड वाचतो, पण उणे ७ पेक्षा जास्त उजेड त्याला सोसत नाही. ८० किलोमीटरच्या वाटेत अठरा-वीस डेसिबल आपोआप खर्च होतात, म्हणून तेथे सर्व ठीक असते. टेबलावर वाट नाही, म्हणून खर्चही नाही. मग तो मुद्दाम करावा लागतो. त्यासाठी अॅटेन्युएटर नावाची बोटाच्या पेराएवढी वस्तू मिळते. १५ डेसिबलचा अॅटेन्युएटर ग्राहकाच्या तोंडाशी लावला असता तर सुमारे उणे १२ पोचले असते आणि दोन्ही यंत्रे सुखरूप राहिली असती. घरच्या डब्यालाही स्प्लिटरशिवाय थेट केंद्राच्या यंत्राला जोडू नये. त्याची वरची मर्यादा साधारणतः उणे ८ असते. काही कारागीर अॅटेन्युएटर विकत घेण्याऐवजी तंतू पेन्सिलीभोवती गुंडाळून उजेड कमी करतात. वर सांगितल्याप्रमाणे वळणाचा तोटा लहरीनुसार बदलतो, शिवाय काचेला ताण बसून ती पुढे केव्हा तरी तडकते. ही काटकसर नव्हे.

यंत्र जळले तर दुसरे येते. आता डोळ्याविषयी बोलतो, कारण खरे तर त्यासाठीच मी उभा राहिलो.

बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल्-हैथम यांचे नाव आपल्या मेळाव्यांतून पुष्कळ घेतले जाते. त्यांनी काय म्हटले ते मात्र क्वचितच सांगितले जाते. अकराव्या शतकात लिहिलेल्या 'किताब अल्-मनाझिर' या ग्रंथाच्या आरंभीच ते एक साधे निरीक्षण मांडतात. फार तेजस्वी उजेडाकडे, सूर्याकडे, पाहिले की डोळ्याला वेदना होते आणि इजा पोचते. यावरून ते दाखवितात, की उजेड डोळ्यावर काही तरी करतो. डोळ्यातून किरण निघून वस्तूला भिडतात, ही जुनी समजूत त्यांनी पुढे खोडून काढली. ही वेदना आपली राखणदार आहे. डोळा दिपला, की पापणी पाव सेकंदात मिटते आणि मान वळते.

फायबरमधील उजेडापुढे हा राखणदार झोपलेला असतो. १३१० आणि १५५० या लहरी अवरक्त, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडच्या, आहेत. त्या दिसत नाहीत. त्या का निवडल्या हेही विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. काचेत उजेड विखुरतो त्याचे प्रमाण लहर जितकी लांब तितके झपाट्याने कमी होते. आकाश ज्या कारणाने निळे दिसते तेच हे कारण. दिसणाऱ्या तांबड्या उजेडापेक्षा १५५० चा उजेड सुमारे बत्तीस पट कमी विखुरतो. तंतूला सोयीची लहर डोळ्याला मात्र कळत नाही. तंतूचे टोक अंधारे दिसते, म्हणून मुलगा ते डोळ्याजवळ धरून 'लाइट येते का' पाहतो. पापणी मिटत नाही, वेदना होत नाही.

येथे उगाच भीती घालणे मला आवडणार नाही. आपल्या घरापर्यंत आलेल्या तंतूत काही मायक्रोवॅट उजेड असतो, त्याने डोळा जाणार नाही. टोकातून बाहेर पडलेला उजेड पसरतही जातो. पण कामावरच्या मुलाच्या हातात घरचाच तंतू असतो असे नाही. एकाच पेटीत शेजारी केबल टीव्हीचा तंतू असू शकतो, आणि त्याच्या मागे एर्बियम वर्धक बसविलेला असतो. त्याच्या एकेका तोंडातून अधिक २० डीबीएम, म्हणजे शंभर मिलिवॅट, निघू शकतात. वर्गात शिक्षक फळ्यावर दाखवितात त्या लेसर काडीच्या अनेक पट. दोन्ही तंतूंची टोके सारखीच अंधारी! १५५० चा उजेड डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात शोषला जाऊन तेथे भाजू शकतो. इमारतीच्या आत कमी अंतरासाठी वापरला जाणारा ८५० चा उजेड थेट मागच्या पडद्यावर, नेत्रपटलावर, एकवटतो. टोक तपासण्याच्या भिंगाने चालू तंतूकडे पाहणे सर्वांत वाईट, कारण पसरणारा उजेड भिंग गोळा करून आत सोडते. आणि तुटलेली जागा शोधण्यासाठी तांबडा उजेड सोडणारी टॉर्चसारखी काडी असते, ती दिसते म्हणून निर्धोक मानू नये. तीही लेसरच आहे.

यावर उपाय महाग नाही. टोकाला पॉवर मीटर लावावा. तो डोळ्यापेक्षा चांगले पाहतो आणि त्याला पडदा नाही. मीटरवर लहर बरोबर निवडली आहे ना हे आधी पाहावे, नाही तर आकडा खोटा येतो. काम सुरू करण्यापूर्वी पलीकडच्या टोकाचा लेसर बंद करावा आणि तेथे चिठ्ठी लावावी, म्हणजे दुसरा कोणी नकळत चालू करणार नाही. बंद आहे असे फोनवर कळले तरी मीटरने खात्री करावी. उघड्या तोंडाला टोपण लावावे. टोक कधीही स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे धरू नये.

काचेच्या कपच्यांबद्दल घरच्या मंडळींनीच अधिक दक्ष राहिले पाहिजे. तंतू सोलून कापला की सुईसारखे बारीक तुकडे उडतात. ते बोटात शिरले तर मोडतात आणि शोधणे कठीण जाते. डोळ्यात किंवा घासाबरोबर पोटात जाऊ नयेत म्हणून तर फारच जपावे लागते. काळ्या कापडावर काम करावे, त्यावर तुकडे दिसतात. ते झाकणाच्या डब्यात टाकावेत. चष्मा लावावा. त्या टेबलावर जेवणाचा डबा उघडू नये आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नये. मुलगा कामाचे कपडे घालून घरी आला आणि धाकटे भावंड मांडीवर बसू लागले, तर आईने आधी कपडे बदलावयास लावावेत. ते कपडे वेगळे झटकून वेगळे धुवावेत.

पालकहो, मुलाला कामावर पाठविताना आपण विचारतो, पगार किती आणि सुट्टी कधी. यापुढे आणखी तीन गोष्टी विचाराव्यात, आणि मालकाला समोरासमोर विचाराव्यात. मुलाच्या हाती पॉवर मीटर देणार काय? सुरक्षेचा चष्मा आणि कपच्यांचा डबा आहे काय? लेसर बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे? जो मालक हसून विषय बदलतो, त्याच्याकडे मुलगा ठेवावा की नाही ते आपण ठरवावे. मला विचाराल तर ठेवू नये. यंत्र बिघडले की पगार कापणारे पुष्कळ आहेत, आणि डोळा बिघडला तर ते भरून देणार नाहीत. ज्या मुलाला आकडे घेता येतात, वहीत तारीख, लहर आणि डीबीएम लिहून ठेवता येतात, त्याला मालक सहज दोष देऊ शकत नाही. कारण जोडणी दिली त्या दिवशी किती उजेड होता, ते त्याच्याकडे लिहिलेले असते. आखातात जाणाऱ्यांनी अशी वही बरोबर न्यावी, असे मी सुचवीन.

मुलींविषयी दोन शब्द. जोडयंत्रावर बसून तंतू जोडणे हे स्थिर हाताचे आणि स्वच्छतेचे काम आहे. खांबावर चढणे हा त्यातला एक भाग, सगळे काम नव्हे. नववी-दहावीच्या मुलींपैकी ज्यांना गोडी वाटत असेल त्यांच्या पालकांनी आताच नाही म्हणू नये.

भाषणानंतर विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आपल्या दोन माजी विद्यार्थ्यांनी एक पॉवर मीटर, एक लहान प्रकाशस्रोत, तंतूचे एक वेटोळे आणि निळे-हिरवे कनेक्टर मांडून ठेवले आहेत. वेटोळे बोटाने दाबले की आकडा कसा खाली येतो, आणि टोक सदऱ्याला पुसले की काय होते, ते ते दाखवतील. एका वेळी दहा जणांनी आत यावे, आणि तंतूच्या टोकाला कोणी डोळा लावू नये. दाराजवळच्या वहीत ज्यांची मुले या कामावर आहेत त्यांनी आपली नावे लिहावीत. पुढच्या महिन्यात रविवारी सकाळी त्या मुलांना बोलावून मीटरचा आकडा वाचण्याचा आणि हिशेब मांडण्याचा एक वर्ग घेण्याचे आम्ही ठरविले आहे.